तेवीस नंबरची ओळ

काळजी करणारी माणसं पैशाला पासरी मिळतील, पण काळज्यांना नंबर घालणारा माणूस मी एकच पाहिला: माझ्या बायकोचे मामा. त्यांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेली. तिथे प्रत्येक बटणाला नंबर, म्हणून मग घरातही. निवृत्तीनंतर ते कॉम्प्युटर शिकले तेही याद्यांसाठीच. साध्या फाइलमध्ये कामं लिहायची, दोन गटांच्या मध्ये एक ओळ कोरी सोडायची आणि मग स्वतः लिहिलेला चार ओळींचा प्रोग्राम चालवायचा. तो कोऱ्या ओळी वगळून बाकीच्यांना नंबर देई. "कोऱ्या ओळीला नंबर म्हणजे रिकाम्या खुर्चीची हजेरी, जावईबापू!" एकदा आम्ही त्र्यंबकला निघालो, तर सातपूर ओलांडल्यावर त्यांना अकरा नंबर आठवला, गॅलरीचं दार. गाडी मागे फिरवली. दार बंदच होतं. "आता बंद आहे. मघाशी नुसतं वाटत होतं," म्हणाले.

मामींच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा यादी एकतीसवर गेली. त्या दिवशी सकाळी दवाखान्यात मामांनी छापलेला कागद उघडला आणि त्यांचा चेहराच उतरला. तेवीस नंबर होता आणि त्याच्यापुढे काहीच नव्हतं. "काहीतरी राहिलंय. महत्त्वाचंच असणार, नाहीतर नंबर पडला नसता." रिपोर्ट, गोळ्या, रक्ताची सोय, सगळं तीनदा तपासून झालं. नर्सला विचारलं, वॉचमनलाही सोडलं नाही. लॅपटॉप अर्थातच बरोबर होता (नंबर बारा). मी फाइल उघडून पाहिली. त्या कोऱ्या ओळीत चुकून एक स्पेस पडली होती. डोळ्यांना दिसत नव्हती, पण प्रोग्रामच्या लेखी ओळ भरलेली. तसं समजावून सांगितलं, पण ऐकतो कोण! ते पुन्हा एक नंबरपासून यादी वाचायला लागले.

मामी स्ट्रेचरवरून सगळं ऐकत होत्या.

"अहो, तेवीस मला माहितीये," त्या म्हणाल्या. "घाबरायचं नाही. लिहा."

मामांनी खिशातलं पेन काढलं आणि निमूटपणे लिहिलं.

मामी बऱ्या होऊन घरी आल्या, त्यालाही आता बरेच महिने झाले. आळणी भाजीवरून रोज कुरकुरतात. तो कागद अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे. तीस ओळींपुढे टिक आहे, तेवीसपुढे नाही. परवा मी पेन पुढे केलं, तर मामांनी ते परत माझ्याच खिशात अडकवलं.

"दुपारी ती जरा जास्त झोपली, तरी मी शेजारी श्वास बघत बसतो, जावईबापू. खोटी टिक कशी मारू?"