उंबऱ्याशी वाकताना

लिहायला बसलोय खरा, पण हा माझा अधिकार नाही असंच वाटतंय. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि मला नीट मांडताही येत नाही. तेवढं पोटात घाला.

व्हिएतनाममध्ये शिकायला आलोय. हुए शहरातल्या फार जुन्या बुद्धमंदिरात वर्गातली लिन मला घेऊन गेली. तिथला लाकडी उंबरा चांगला उंच. लोक त्याला न शिवता ओलांडतात. मी मात्र सवयीनं वाकलो, उंबऱ्याला हात लावून कपाळाला नेला. मागची माणसं खोळंबली. फुलं मांडणाऱ्या एक आजी हसत काहीतरी म्हणाल्या.

"विचारतायत, तुझं काही पडलं का?" लिन म्हणाली.

मी भारतातला, हे कळताच आजींनी हात जोडले. लिननं त्यांचं बोलणं सांगितलं, "बुद्धांच्या घरचा पोरगा तू, आणि दारात काय अडून बसलास? आत ये!"

ऊर भरून आला. आमच्या मातीतून निघालेलं काहीतरी समुद्रापार इतक्या मायेनं जपलं गेलं होतं. आणि तिकडे आमच्या वस्तीला बुद्धविहारासाठी गावात जागा मिळत नव्हती. बाबा वर्षानुवर्षं खेटे घालत होते. ग्रामसभेत त्याचा निकाल नेमका आजच लागणार होता. उदबत्तीच्या धुरात बसलो असताना वाटलं, निकाल काहीही लागो, आज मान खाली जाणार नाही.

बाहेर आलो तोच बाबांचा फोन आला.

"जागा मिळाली रे! पण पहिली कुदळ तू मारायची. तू येईस्तोवर इथं कुणी माती उकरणार नाही."