मॅच थांबवून सत्कार

मला राग लवकर येतो हे आमच्या कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. नोकरीची सगळी वर्षं पाणीपट्टीच्या खिडकीमागे काढली, त्यामुळे आवाजही जाळीपलीकडच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असा झाला. पण घरात मी फारशी ओरडत नाही. माझा सगळा राग संध्याकाळी नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या क्लबच्या बास्केटबॉल कोर्टावर खर्च होतो. कोर्ट म्हणजे उघड्यावरचं सिमेंट, दोन रिंगा, त्यातल्या एकीला जाळी नाही, आणि बाजूला बसायला पायऱ्या.

माझी लेक इथे खेळायची. तिला सोडायला यायचे, मग थांबायला लागले, मग ओरडायला लागले. ती शिकून हैदराबादला नोकरीला गेली, माझं येणं सुटलं नाही. नवरा म्हणतो, लोकांच्या बायका देवळात जातात, माझी बायको रेफ्रीला शिव्या द्यायला जाते. शिव्या मी देत नाही. ‘डोळे घरी ठेवून आलात का?’ याला कोणी शिवी म्हणत नाही.

लेकीच्या वेळचा मुलींचा संघ असा होता की जिल्ह्यात त्याला तोड नव्हती. तो बघताबघता विस्कटला. दोघींची लग्नं झाली आणि सासरी कोण बास्केटबॉल खेळू देतंय. एक रेल्वेत लागली, ती त्यांच्याकडून खेळायला लागली. एकीचा गुडघा गेला. उरल्यासुरल्या पुण्याला इंजिनिअरिंगला. मग आमच्या कोचनी, म्हणजे एका शाळेतले पीटीचे सर आहेत त्यांनी, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आजूबाजूच्या शाळांतून पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी गोळा केल्या. सर इतकं कमी बोलतात की नवीन मुलींना आठवडाभर वाटलं होतं त्यांचा घसा बसलाय.

कॅप्टन केली ती सगळ्यांत बुटकी. कोर्टाच्या मागे बुद्धविहार आहे, त्याच्या शेजारच्या चाळीत राहते. वडील प्राथमिक शिक्षक. ती बॉल घेऊन निघाली की मोठमोठ्या मुली तिच्याभोवती भोवऱ्यासारख्या फिरतात. पण नजर सगळी बॉलवर! आजूबाजूला आपल्या चार मुली मोकळ्या उभ्या आहेत याचा पत्ताच नाही. आणि उंच आहे ती सटाण्याची, मावशीकडे शिकायला आलेली. रिंगखाली नुसता हात वर केला तरी बॉल तिच्या हातात पडावा एवढी उंच, आणि नेमका तेव्हाच तिचा हात खाली.

त्यांच्या पहिल्या वर्षात आम्ही किती हरलो ते मी मोजलं नाही, मोजून काय करायचं होतं. हरण्याचं मला दुःख नाही, पण हरण्याची पद्धत! पाच पॉइंटांनी पुढे असायचं आणि शेवटच्या दोन मिनिटांत एकमेकींच्या पायावर बॉल मारायचा. फ्री थ्रो म्हणजे फुकटचा पॉइंट, समोर कोणी अडवायला नाही, तरी बॉल रिंगच्या वरून पलीकडे गटारात. सर रोज तेच सांगायचे आणि रोज पालथ्या घड्यावर पाणी. मी घरी येऊन भांडी आपटायचे. पण मधूनच एखादी संध्याकाळ अशी यायची की बुटकीने डावीकडे बघत बॉल उजवीकडे फेकला आहे, सटाण्याच्या पोरीने तो वरच्या वर घेतला आहे आणि रिंगमध्ये सोडला आहे, आणि दोघींनाही कळलेलं नाही की आपण काय केलं. मग मला रात्री नीट जेवण जायचं.

क्लबच्या सेक्रेटरींना मात्र अशा संध्याकाळी दिसत नव्हत्या. त्यांना कप दिसत होता. ऑफिसातल्या काचेच्या कपाटात तीन वर्षांत नवीन कप आला नव्हता. डिसेंबरमध्ये आमच्याच कोर्टावर आमची स्पर्धा असते, तिच्या आधी त्यांनी सगळ्यांसमोर सरांना सांगितलं, "या वेळी पहिल्या चारात आलात तर पुढच्या वर्षीही याच मुली. नाही आलात तर मी पुण्याहून पाच तयार मुली आणतो. येण्याजाण्याचं बघू आपण."

"मग या मुलींचं काय?" मी पायरीवरून विचारलं.

"या बाकावर बसून शिकतील, ताई. मोठ्यांचं बघून शिकण्यासारखं दुसरं काही नाही."

बाकावर बसून पोहायला शिकलेलं कोणी मी तरी पाहिलेलं नाही. ज्या मुलींनी उन्हात सिमेंटवर गुडघे फोडून घेतले त्यांनी पाणी आणून द्यायचं, आणि पुण्याच्या मुलींनी स्पर्धेच्या आदल्या दिवशी उतरून कप उचलायचा. आयत्या बिळावर नागोबा! माझ्या तोंडून हे निघालंच. सेक्रेटरी हसले. सर काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या न बोलण्याचा मला त्या दिवशी सेक्रेटरींपेक्षा जास्त राग आला.

स्पर्धेत दोन गट, आमच्या गटात आमच्याखेरीज धुळ्याचा आणि जळगावचा संघ. तिघांतले दोन पुढे जाणार. पहिला सामना धुळ्याशी. हाफटाइमला आम्ही मागे होतो, मला सवय होती. पण तिसऱ्या क्वार्टरला काय झालं कोण जाणे, बुटकीच्या अंगात वारं शिरलं. तिने बॉल हिसकावला, धावली, टाकला. पुन्हा हिसकावला. सटाण्याच्या पोरीने चक्क हात वर ठेवले. बघताबघता आम्ही पुढे गेलो, धुळ्याच्या मुली एकमेकींवर खेकसायला लागल्या, पायऱ्यांवरची माणसं उभी राहिली. आणि माइकवरून आवाज आला, "आजचे प्रमुख पाहुणे यांचं आगमन झालेलं आहे. पंचांना विनंती आहे की खेळ काही क्षण थांबवावा."

आमच्याकडे हे असंच असतं. पाहुण्यांना चारची वेळ दिलेली असते, ते सहाला येतात, आणि ते आले की चालू असेल ते थांबतं. शिट्टी वाजली. दोन्ही संघ मैदानाच्या मधोमध ओळीत उभे. पाहुण्यांनी एकेकीचा हात हातात घेऊन नाव विचारलं, कितवीत आहेस विचारलं, एकीला तर अभ्यासाचं महत्त्व सांगितलं. मग स्टेजवर शाल, श्रीफळ, गुच्छ. पाहुण्यांचं झालं की त्यांच्याबरोबर आलेल्यांचं. मग चार शब्द, म्हणजे आमच्याकडे किती ते तुम्हाला माहीतच आहे. नारीशक्तीवर ते बोलत होते तेव्हा ती शक्ती समोर पातळ बनियनवर कुडकुडत उभी होती. नाशिकची डिसेंबरातली संध्याकाळ, अंगावरचा घाम गार पडलेला.

तेवढ्यावरही संपलं नाही. पाहुण्यांनी बास्केट केल्याशिवाय आमच्याकडे फोटो होत नाही. त्यांनी बॉल टाकला, रिंगपर्यंत पोचला नाही. पुन्हा टाकला. लोक टाळ्या वाजवून धीर देत होते. शेवटी सेक्रेटरींनी धावत जाऊन स्टेजवरची खुर्ची आणली, पाहुणे तिच्यावर चढले, दोघांनी खुर्ची धरली आणि एकाने पाहुण्यांना धरलं. तेव्हा कुठे बॉल आत गेला. मी पायरीवर उभी राहून ओरडत होते, "अहो, पोरींचा खेळ चाललाय!" माइकपुढे माझी खिडकीतली सगळी वर्षं कमी पडली.

खेळ सुरू झाला तेव्हा आमच्या मुलींचे पाय लाकडाचे झाले होते. धुळ्याच्यांचेही झाले असतील, पण त्या तयार होत्या, आणि तेवढ्या वेळात त्यांच्या कोचने त्यांना शांत केलं होतं. आम्ही हरलो. सटाण्याची पोर रडत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "हाई काय शे, काकू? पाय गार व्हई ग्यात नां!" मी तिचे पाय माझ्या शालीत गुंडाळले. सेक्रेटरी जाताजाता सरांना म्हणाले, "दम टिकत नाही हो मुलींचा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.  बुटकी मात्र स्टेजवरच्या त्या खुर्चीकडे बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी जळगाव. धुळ्याने त्यांनाही हरवलं होतं, त्यामुळे सरळ हिशेब होता. जिंकलो तर पहिल्या चारात, हरलो तर पुणे. आणि देवाला पण काही सुचत नाही की काय, आम्ही नुकते चार पॉइंटांनी पुढे गेलो आणि माइक बोलला. पाहुणे आले होते. आज दुसरे.

शिट्टी वाजली. मी डोक्याला हात लावला. मुली ओळीत उभ्या राहिल्या आणि बुटकी जागच्या जागी उड्या मारायला लागली. दोरीवरच्या मारतात तशा, लहान लहान, टाचा न टेकवता. तिच्या शेजारचीनेही सुरू केलं, मग तिच्या शेजारचीने. पाहुणे ओळख करून घ्यायला आले तेव्हा अख्खी ओळ वरखाली होत होती. त्यांनी हात पुढे केला, मुलीने उडी मारता मारताच हातात हात दिला, नाव सांगितलं, इयत्ता सांगितली. शेजारी जळगावच्या मुली बिचाऱ्या शहाण्यासारख्या हात मागे बांधून उभ्या. सेक्रेटरींचा चेहरा लालबुंद. त्यांनी डोळे वटारले, हाताने खुणा केल्या, दोनदा "सावधान!" म्हणून ओरडले. मुली शाल होईपर्यंत उडत होत्या, श्रीफळ होईपर्यंत उडत होत्या.

सर कडेला उभे होते. त्यांनी थांबवलं नाही. त्यांच्या न बोलण्याचा मला पहिल्यांदा आनंद झाला.

मग पाहुणे माइकपाशी आले. मला वाटलं, आता करतात यांची बिनपाण्याने. ते म्हणाले, "आजवर माझी पुष्कळ स्वागतं झाली. लेझीम झालं, ढोल झाले. पण अशा उड्या मारून खेळाडूंनी केलेलं स्वागत मी पहिल्यांदाच पाहतो आहे. ही पद्धत फार छान आहे." आणि उड्यांच्या तालावर टाळ्या वाजवायला लागले. पाहुण्यांनी टाळी वाजवली म्हटल्यावर स्टेजवरच्या सगळ्यांना वाजवावीच लागली. सेक्रेटरीही वाजवत होते. मी इतकी हसले की शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली.

खेळ सुरू झाला तेव्हा जळगावच्या मुलींना धावता येईना आणि आमच्या थांबेनात. आम्ही जिंकलो. पहिल्या चारात.

सामना संपल्यावर सेक्रेटरींनी बुटकीला बोलावलं. मी मागोमाग गेले, मला कोणी बोलावलं नव्हतं. "हा उद्धटपणा आहे," ते म्हणाले, "पाहुण्यांचा भर मैदानात अपमान केलात. आधी माफी मागायची, मग उद्याचा सामना."

"मागते ना, साहेब," ती म्हणाली. "पण कोणाची मागू? ते तर खूश होऊन गेले. आता आम्ही अपमान केला होता असं सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल."

 मग सेक्रेटरींनी दुसरी वाट धरली. एक सामना जिंकला म्हणजे काही झालं नाही, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू, पुण्याला आपण शब्द देऊन बसलोय, असं काहीबाही. तेव्हा आमचे सर बोलले. "शब्द मला दिला होतात. सगळ्यांसमोर." एवढंच. पण तोपर्यंत पायऱ्यांवरची माणसं जवळ येऊन उभी राहिली होती आणि त्यांतल्या अर्ध्यांनी तो शब्द ऐकला होता. "बरं बरं, याच मुली," सेक्रेटरी म्हणाले आणि फोन कानाला लावून निघून गेले.

आता मी गोड शेवट सांगेन असं वाटत असेल तर माझा स्वभाव तुम्हाला कळलेला नाही. उपांत्य सामना आम्ही ज्या पद्धतीने हरलो तसं कुणी वैऱ्यानेही हरू नये. समोर मुंबईचा संघ, आणि आमच्या पोरी पहिल्या मिनिटापासून त्यांच्या बुटांकडे बघत होत्या. फ्री थ्रो गटारात. सटाण्याच्या पोरीचे हात पुन्हा खाली. चौथ्या क्वार्टरला फलकावरचे आकडे बघवेनात, मी डोळे बंद करून ओरडत होते. त्या दिवशी पाहुणेसुद्धा मधेच आले नाहीत, तेवढाही आधार नव्हता. सेक्रेटरी जवळून गेले आणि म्हणाले, "बघितलंत ना, ताई?"

"बघितलं," मी म्हणाले. "आणि पुढचं अख्खं वर्ष याच मुलींना बघणार आहे."

बुटकी कोर्टाच्या कडेला सिमेंटवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. नाक लाल. मी तिला जवळ घ्यायला म्हणूनच गेले होते, शपथ. पण तोंडातून निघालं ते असं, "अगं, शेवटी ती उंच पोर डावीकडे एकटी उभी होती. एकटी! दिसली नाही का तुला?"

तिने बाहीने नाक पुसलं.

"दिसली होती, काकू. समोरच्या मुलीच्या वरून हात पोचला नाही," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी पोचेल."