मेस्त्रींची डावी दाढ

मेस्त्रींना माणसांपैकी कोणी आवडत असे, असा पुरावा उपलब्ध नाही. खुर्च्या आवडत. त्याही कापड फाडून आतला सांगाडा दिसू लागल्यावर. कोच, सोफे, बाकडी यांना नवं कापड चढवून द्यायचं त्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक दारात आलं की ते आधी खुर्चीकडे बघत आणि मग गिऱ्हाइकाकडे. खुर्चीची ही दशा करणारा गुन्हेगार हाच ना, अशा नजरेने.

कामात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. खरं तर तोंड धरणारा. पाच बारीक खिळे ते डाव्या गालात ठेवत. जिभेने एकेक फिरवून, डोकं बाहेर येईल असा ओठांवर आणत आणि चुंबकाची हातोडी जवळ नेऊन टिपत. दुसरा हात कापड ताणायला मोकळा. पाच खिळे संपले की लोखंडाची चव घालवायला पेपरमिंटची एक गोळी, मग पुढचे पाच. दिवसाला गोळ्यांची एक पुडी संपे. आपल्याला कसलंही व्यसन नाही, हे ते अभिमानाने सांगत.

त्यांच्या धर्मात पाप एकच होतं: जुन्यावर नवं चढवणं. आतला काथ्या कुजलेला असताना वरून झकास कापड मारून देणारे कारागीर त्यांना माणसांतून उठलेले वाटत. "असल्यांना त्याच कोचात शिवून टाकावं," असं ते म्हणत, आणि हातात दाभण असल्यामुळे ऐकणारा दोन पावलं मागे सरके.

समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंशी वैर जडलं ते याच पापावरून. त्यांच्या दवाखान्यातलं पेशंटांचं लांब बाकडं फाटलं होतं.

"मेस्त्री, वरून नुसतं रेग्झिन मारून द्या," बाई म्हणाल्या. "दुपारी पेशंट आहेत."

मेस्त्रींनी अंगठ्याने दाबून पाहिलं. "आत कुजलंय."

"असू दे हो. दिसत तर नाही ना?"

"दिसत नाही म्हणूनच कुजतंय! मी तसलं काम करत नाही," असं म्हणून मेस्त्रींनी कात्री घातली. पुढचे तीन दिवस पेशंट गाल धरून उभे होते.

तिसऱ्या दिवशी बाई भडकल्या. मेस्त्री त्याहून भडकले. आ वासून ते ओरडत असताना बाई एकाएकी किंचित वाकल्या आणि आत डोकावल्या.

"खालच्या डाव्या दाढेवर काळा ठिपका आहे. कीड लागलीय. आत्ता केलं तर अर्ध्या तासाचं काम."

"मला दुखत नाही."

"दुखत नाही तोवरच अर्धा तास. दाताच्या वरच्या टणक थराला दुखणं कळत नाही, मेस्त्री. कीड खोल, नसेजवळ गेली की कळतं. आणि त्या गोळ्या बंद करा. साखरेवर जंतू पोसतात आणि त्यांचं आम्ल दात खातं. तुम्ही तर दिवसभर त्यांची खानावळ चालवताय."

बाकडं झालं, उत्तम झालं. मेस्त्री घरी आले आणि बायकोला म्हणाले, "भांडणात हरली की माणसं आईबाप काढतात. हिने दाढ काढली. सूड आहे, दुसरं काही नाही." या निष्कर्षावर ते तीन वर्षं ठाम राहिले.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात. हे मुंगीच्या पावलांनी आलं. पहिल्या वर्षी गार पाणी झोंबू लागलं. मेस्त्री कोमट पिऊ लागले. दुसऱ्या वर्षी घास अडकू लागला. ते उजवीकडून चावू लागले. मिळतंजुळतं घेणं त्यांना आयुष्यात कोणाशी जमलं नाही, ते या किडीशी जमलं.

"अहो, अर्ध्या तासाचं काम होतं," बायको म्हणायची. "सांगून सांगून माझ्या दाताच्या कण्या झाल्या."

"मग तू जा तिच्याकडे."

तिसऱ्या वर्षी दाढेला खड्डा पडला आणि ठणका सुरू झाला. मेस्त्रींनी मग कारागिराला शोभेलसा उपाय केला. खड्ड्यात कापूस ठासला, वरून दोऱ्याला लावायचं मेण भरलं आणि अंगठ्याने कडा गुळगुळीत केल्या. आरशात पाहिलं. सफाई वाखाणण्यासारखी होती.

बायको दारात उभी राहून बघत होती. "याला जुन्यावर नवं नाही म्हणत?"

तोंडात अंगठा असल्यामुळे मेस्त्रींना उत्तर देता आलं नाही. अंगठा बाहेर काढल्यावरही ते त्यांनी दिलं नाही.

आणि आठवड्याभरात दाढ दुखायची थांबली! मेस्त्री दुकानाच्या दारात उभे राहिले आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा बेताने शेजाऱ्याला म्हणाले, "बरी झाली. आपोआप. डॉक्टरबिक्टर काही लागत नाही."

डॉक्टरीणबाई रस्ता ओलांडून आल्या. "ठणका एकदम थांबला? औषधाशिवाय?"

"मेणाने."

"मेणाने नाही. आतली नस मेली असणार. राखणदार कुत्रं मेलं म्हणून भुंकणं थांबलं, चोर घरातच आहे. आज आलात तर आतून साफ करून दाढ वाचवता येईल, बहुतेक."

मेस्त्रींनी शटर खाली ओढलं. दुपारचे बारा वाजले होते.

तीन आठवड्यांनी गाल सुजला. तोंड एका बोटापुरतं उघडेना. पाच सोडाच, एक खिळाही गालात मावेना. अर्धवट उघडलेला सोफा चार दिवस तसाच पडून राहिला. हाताने खिळा धरून ठोकायला गेले, तर अंगठा सापडला. नवशिक्यासारखा. त्यांनी हातोडी खाली ठेवली. तोंड गेलं तर धंदा गेला, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

बायकोने दुकानाला कुलूप लावलं. "चला."

"तिच्याकडे नाही."

"सूज गळ्याकडे उतरतेय. येताय, की तिलाच बोलावू इथे, सगळ्या गल्लीसमोर?"

मेस्त्री गेले. बाईंनी सुजेवर औषधं दिली, पाचव्या दिवशी तोंड उघडल्यावर मेण खरवडून काढलं आणि विचारलं, "हे कोणी भरलं?"

"ह्यांनीच," बायको दारातून म्हणाली.

बाईंनी आत दाबून पाहिलं. "आत कुजलंय, मेस्त्री."

मेस्त्रींनी त्यांच्या चेहऱ्यावर सूड शोधला. तिथे नुसता मास्क होता.

"मुळाभोवतीचं हाडही गेलंय. धरून ठेवायला काही उरलं नाही. काढावी लागेल."

मेस्त्रींनी खुर्चीचा हात घट्ट धरला. डाव्या गालातले खिळे त्या दाढेच्या आधाराने उभे राहत, पंचवीस वर्षं. आयुष्यात प्रथमच खालच्या आवाजात ते म्हणाले, "वरून काहीतरी मारून द्या ना. दिसणार नाही."

"दिसणार नाही, हो," बाई म्हणाल्या. "पण मी तसलं काम करत नाही."

हे मेस्त्रींचंच वाक्य होतं. त्यांनी आ केला.

दाढ निघाली. जागा मोकळी झाल्यावर बाईंनी आरसा घालून पाहिलं. "शेजारच्या दाढेलाही ठिपका लागलाय. लहान आहे. जखम भरली की या. अर्धा तास."

मेस्त्रींच्या तोंडात कापसाचा बोळा होता. संसारात भांडण एकतर्फी व्हायची ती पहिलीच वेळ, आणि बायकोने घरापर्यंत तिचा पुरेपूर लाभ घेतला.

दोन आठवड्यांनी मेस्त्री एकटेच गेले, वेळेवर. गोळ्यांची पुडी त्याआधीच बंद झाली होती. आता खिळ्यांनंतर ते नुसत्या पाण्याने चूळ भरत आणि पाण्याला शिव्या देत. बाईंनी सुई टोचली, कीड कोरली, दाढ भरली. दुखलं नाही, ही मेस्त्रींना फसवणूकच वाटली. उठताना त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

"अर्धा तास म्हणाला होतात. पस्तीस मिनिटं झाली."

"पाच मिनिटं तुम्ही तोंड उघडायला घेतलीत."

मेस्त्री बाहेर आले. बाकड्यावर पेशंट बसले होते. त्यातल्या एकाला त्यांनी उठवलं आणि बाकडं अंगठ्याने दाबून पाहिलं. पक्कं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान उमटलं. निम्मंच, डावी बाजू अजून बधिर होती.