तांब्याला लूत न्हाई

आमच्या मालकांनी अहमदपूरच्या जनावरांच्या दवाखान्यात चौतीस वर्षं डिरेसरकी केली, म्हणजे जखमा धुवायच्या, मलमपट्टी करायची. डॉक्टर आले, बदलून गेले, मालक तिथंच. भुजंगराव डिरेसर म्हणलं की आजबी कुणीबी घर दाखवील. लूत लागून केस झडलेलं जनावर त्यांच्या हातून बरं झालं न्हाई, असं एकदाबी झालं न्हाई, असं ते स्वतःच सांगतात. करंजाच्या तेलात गंधक कालवायचं, अंगभर चोळायचं अन् उन्हात बांधायचं. एवढाच इलाज.

पण नाव झालं ते ओरडण्यानं. कुणी घरीच जनावराला जळकं ऑइल न्हाई तर डिझेल चोळून आणलं, की केसपेपर काढायच्या आधी मालक ओरडायचे, "डोकं ठिकाणावर हाय का? विचारायचं न्हाई, सवरायचं न्हाई, हाताला लागलं ते फासलं!" रस्त्यानं जाणारा माणूस उभा राहायचा.

रिटायर झाले अन् तीन वर्षं कुणी विचारलं न्हाई. रोज सकाळी दवाखान्यावरून चक्कर मारायचे, आत कोण आलंय ते बघायचे अन् घरी येऊन माझ्यावर ओरडायचे. मी बेजार झाले होते.

अशात मार्च महिन्यात आमचा अंगद अन् सून गीतांजली पुण्याहून आले. गीतांजलीच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नांदेडला ठरलं होतं. आठ दिवस दोघं तिथंच राहणार, म्हणून गीतांजलीचं कुत्रं आमच्याकडं ठेवायचं होतं. गाडीचं दार उघडलं अन् ते खाली उतरलं. अगं बाई! अंगावर एक केस न्हाई. डोक्यावर तेवढी चार केसांची शेंडी. बाकी सगळं तांब्याच्या भांड्यागत गुळगुळीत. नावबी तांब्या. तिच्या हापिसातली बाई परदेशी निघाली, तिनं दिलेलं.

गीतांजलीनं मालकांच्या हातात दोन पानी कागद दिला. "बाबा, याची काळजी कशी घ्यायची ते सगळं लिहिलंय. नक्की वाचा."

"हाव," मालक म्हणले. गाडी कोपऱ्यावर वळली तसा त्यांनी तो कागद घडी घालून टीव्हीच्या डुगडुगत्या टेबलाखाली सारला. "चौतीस वर्षं सर्विस झाली माझी. मला शिकवती व्हय?"

माझा चष्मा फुटलेला होता. अन् खरं सांगायचं तर मलाबी वाटलं, एवढी सर्विस केलेला माणूस हाय, त्याला कागद कशाला?

मालकांनी तांब्याचं तोंड उघडलं. पुढचे दात जवळजवळ न्हाईतच. "बारा वर्षांचं हाय," ते म्हणले.

"गीता तर दोन म्हणत होती."

"फसिवलं तिला."

मग अंगाला हात लावला. चटका बसावा एवढं गरम. पेटीतलं थर्मामीटर काढलं, लावलं. एकशे एक अन् वर दोन रेघा. मी इचारलं, "कुत्र्याला किती असतंय?"

"एवढंच असतंय."

"मग ताप न्हाई."

"हाय. थर्मामीटर बिघडलंय."

अन् केस न्हाईत म्हणल्यावर लूत तर ठरलेलीच. म्हाताऱ्या, तापल्या, लूतभरल्या जनावराला बरं करून सुनेच्या हाती द्यायचं, असं मालकांनी ठरिवलं. किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू बघितलं मी! खलबत्त्यात गंधक कुटताना गुणगुणत होते. मला बरं वाटलं, तेच चुकलं.

तीन दिवस चोळलं, तीन दिवस अंगणात उन्हाला बांधलं. तांब्या ओरडला न्हाई, फक्त मालकांकडं बघायचा. चौथ्या दिवशी पाठीवर फोड आले. अंग चाटून चाटून गंधक पोटात गेलं होतं. भाकरीला तोंड लावीना, पाण्यालाबी न्हाई. दुपारी आडवा पडला अन् पाय ताणले. मी घाबरले. म्हणलं, हे मेलं तर पोरीला काय तोंड दावायचं? तिनं लेकरागत सांभाळलंय त्याला.

टेबल उचललं, कागद काढला अन् मालकांच्या अंगावर फेकला. "वाचा आता! मोठ्यानं वाचा!"

मालक उभे राहून वाचायला लागले. ही जात मेक्सिको देशातली, तीन हजार वर्षांपासूनची. केस नसणं हा आजार नाही, जन्मापासून असंच असतं. अशा कुत्र्यांना दातही कमी असतात. हाताला गरम लागतं, तो ताप नसतो. तिकडची म्हातारी माणसं सांधे दुखले की याला पोटाशी घेऊन झोपायची. मेलेल्या माणसाला हाच परलोकाच्या नदीपार नेतो, असंही मानायची. उन्हात ठेवू नये, कातडी भाजते. थंडीत स्वेटर घालावा. आठवड्यातून एकदा अंघोळ, मग बोटभर खोबरेल तेल.

शेवटची ओळ त्यांनी वाचली न्हाई. मी कागद ओढून घेतला अन् डोळ्याजवळ धरला. ती मोठ्या अक्षरात होती, खाली दोन रेघा मारलेल्या. 'बाबा, गंधक लावू नका.'

मालकांनी तांब्याला चादरीत गुंडाळलं अन् चालत दवाखाना गाठला. मी मागं. तिथं आता नरसिंग डिरेसर हाय, मालकांच्याच हाताखाली शिकलेला. मालक लायनीत उभे राहिले. नंबर आला. नरसिंगनं चादर उघडली, वास घेतला अन् मान खाली घातली.

"काय लावलं होतं, काका?"

"करंजाचं तेल. गंधक."

नरसिंग केसपेपर लिहायला लागला.

"बोल की रे," मालक म्हणले. "मी शिकिवलंय ना तुला?"

"ऱ्हाऊ द्या, काका."

"बोल म्हणतो!"

नरसिंगनं वर न बघता हळूच म्हणलं, "डोकं ठिकाणावर हाय का?"

"न्हाई," मालक म्हणले, अन् त्यांच्या डोळ्याला पाणी आलं. मला लग्नापासून एवढं वाईट कधी वाटलं न्हाई.

नव्या डॉक्टर मॅडमनी अंग धुतलं, सलाईन लावलं, मलम दिलं. संध्याकाळी तांब्या पाणी प्याला. मग मालकांनी स्वतः गीतांजलीला फोन लावला अन् सगळं सांगितलं, काहीच लपविलं न्हाई.

"मी लिहिलं होतं ना, बाबा," ती म्हणली.

"हाव. टेबलाखाली होतं. आता पाठ करतो."

तिनं फोन ठेवला. दुसऱ्याच दिवशी येऊन तांब्याला घेऊन गेली. चहासुद्धा घेतला न्हाई. त्यानंतर सात महिने अंगदचा फोन यायचा, तिचा न्हाई. मालकांनी दवाखान्याची चक्कर बंद केली. ओरडणंबी बंद. घर एवढं शांत झालं की मलाच ओरडावं वाटायचं.

दिवाळीनंतर गाडी दारात थांबली. गीतांजली उतरली, मागून तांब्या, लाल स्वेटर घातलेला. आईच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. सामान आत आलं, दुसरा स्वेटर आला, खोबरेल तेलाची बाटली आली.

मालकांनी हात पुढं केला. "कागद?"

"आणला नाही."

मालक सरळ उभे राहिले, शाळेत साहेब आल्यावर पोरं राहतात तसे. "ही जात मेक्सिको देशातली," त्यांनी सुरू केलं. दात, ताप, ऊन, स्वेटर, अंघोळ, बोटभर तेल. एक अक्षर चुकलं न्हाई. या वेळी शेवटची ओळबी सोडली न्हाई. "बाबा, गंधक लावू नका."

गीतांजलीनं सगळं ऐकून घेतलं अन् साखळी त्यांच्या हातात दिली.