मामानं कापलेला दोर

धरणाकाठी रिसॉर्ट टाकल्यावर आमच्या मालकांना शिडाच्या होडीचं वेड लागलं. पुण्याहून ट्रकवर होडी आली, नारळ फुटला, मालकांनी कप्तानाची पांढरी टोपी घातली. त्यांना पोहता येत नव्हतं, पण टोपी झकास बसली होती.

मी तिथला मॅनेजर. शीड सांभाळायला माझ्या सख्ख्या मामाला मीच चिकटवलं. मामा जन्मभर ट्रकच्या ट्यूबवर बसून याच पाण्यात मासे धरत आलेला. त्याचं जुनं गाव धरणात गेलं. जाळं टाकताना तो अजूनही गावातूनच हिंडतो, इथं चावडी, इथं देवळामागची चिंच. मालकांकडे नकाशा होता. त्यात सगळं निळं.

पलीकडच्या आहुप्याच्या कड्यावर काळं आभाळ धरलं की आमचे मासेमार मुकाट्यानं काठाला लागतात. मे महिन्यातल्या एका दुपारी मामा म्हणाला, "सायेब, आज नगं. वारं लई वंगाळ येनार."

"मामा, शिडाला वाराच लागतो," मालक म्हणाले. कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलं असणार. मालक हसले म्हणून मीही हसलो. ते दोघं होडीतून निघाले, मी काठावरून बघत राहिलो.

वादळात शीड फाटलं. मामा "खाली चिंच हाय, टाकू नगा" म्हणून ओरडत असताना मालकांनी लोखंडी नांगर पाण्यात सोडला. तो त्या बुडालेल्या चिंचेतच अडकला. होडी जागीच खिळली, लाटा आत येऊ लागल्या. मामानं सुरीनं नांगराचा दोर कापला, सोबत नेलेल्या ट्यूबवर मालकांना घातलं आणि पाय मारत काठाला आणलं. मागं पाण्यानं भरलेली होडी उलटली आणि बुडाली.

चहा पिऊन माणसात आल्यावर मालक पहिलं वाक्य बोलले, "दोर कापला नसता तर होडी वाचली असती."

पोलिसांत द्यायचा मामाचा जबाब मालकांनी सांगितला, मी लिहिला. माझं अक्षर सुरेख आहे. 'मी घाबरून दोर कापल्यामुळे होडी बुडाली.' मामाला सही तेवढी येते. मी कागद पुढं सरकवला.

"तू लिवलंयस ना? मंग वाचायचं काय त्यात," म्हणत त्यानं सही केली.

मालक मूर्ख होते. मला सगळं कळत होतं, म्हणून मला माझीच जास्त किळस येते. मामाला आता कुणी होडीवर घेत नाही. तो अजूनही दर आठवड्याला माझ्या दारात मासे ठेवून जातो. मी ते खातो.