विहीणबाईंच्या घरचा हुब्बा

जावयाचा फोन आला तेव्हा मी विरारच्या माझ्या फ्लॅटच्या गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. "आई, आमची आय गेली," एवढंच हेमंत म्हणाला, पुढचं लेकीने फोन घेऊन सांगितलं. सकाळी वाडीत पंप सुरू करायला म्हणून गेल्या, जरा दम लागला म्हणून केळीपाशी टेकल्या आणि टेकल्याच राहिल्या... फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगितलं तर लोक मला नावं ठेवतील. ठेवोत. मला वाटलं, इथेही बाई पुढे गेल्या. ना आजारपण, ना उशापायथ्याशी कुणाला जागवणं. आता सगळा गाव म्हणणार, पुण्यवान होती हो! त्यानंतर मग रडू आलं, आणि ते बराच वेळ थांबलं नाही. माझ्या विहीणबाईंबद्दल माझ्या मनात जे काही होतं ते नेहमी याच क्रमाने यायचं. आधी जळफळाट, मग बाकीचं.

मी मूळची साताऱ्याकडची. नवऱ्याच्या नोकरीमुळे विरारला आले आणि तो गेल्यावरही इथेच राहिले. माझी सगळी नोकरी बालवाडीत शिकवण्यात झाली. एकुलती एक लेक स्नेहल, ती विरारजवळच नंदाखालकडे, केळीची वाडी असलेल्या एका घरात दिली. लग्नात विहिणीचा मान कसा करायचा हे आमच्याकडे पोरींना लहानपणापासून बघून पाठ असतं. मी विहिणीची पंगत मांडली. चांदीचं ताट, भोवती महिरप, समया, पाय धुवायला कोमट पाणी. आणि विहीणच गायब! शोधलं तर मांडवामागे पदर खोचून आचाऱ्याच्या बायकांबरोबर वाटाणे सोलत बसलेल्या. "बाई, माजं पोट भरलंय," त्या मला म्हणाल्या, "ह्या पोरी सकालपासून उपाशी हायत. त्या ताटावर यांना बसवा." सगळा मांडव हसला, दोन्हीकडच्या बायकांनी वाहवा केली. रांगोळी काढून माझी कंबर धरली होती, तिचं कुणी नाव काढलं नाही.

नात झाली, रेवा. ती बोबडं बोलायला लागली त्याच सुमारास हेमंतची मोटारसायकल चिंचोटीजवळ हायवेवर घसरली. मांडीचं हाड मोडलं, कंबरेला मार बसला. वसईतल्या ज्या कारखान्यात तो सुपरवायझर होता, त्यांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि मग दुसरा माणूस घेतला. नालासोपाऱ्याचं भाड्याचं घर सोडून तिघं वाडीवर राहायला गेली. स्नेहल एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, ती सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन्ही पाळ्या करू लागली. लेकीच्या सासरी आईने मुक्काम टाकू नये असं आमच्याकडे मानतात, पण अशा वेळी मान घेऊन काय करणार? चार दिवसांसाठी म्हणून बॅग भरली आणि पुढचं वर्षभर अधूनमधून तिथेच राहिले.

ते घर तेव्हा कसं होतं म्हणून सांगू... हेमंत पडवीलगतच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला. जेवण दिलं तर जेवायचा, पण आपणहून काही मागायचा नाही. पाणी हवं का विचारलं तरी उत्तर नाही. चहाचा कप उशाशी गार व्हायचा. आम्ही सगळे कुजबुजत बोलायचो. एकटी रेवा मोठ्याने बोलायची, कारण तिला जे बोलायचं होतं त्याला शब्दच नव्हते. ते ती स्वतः बनवायची. चहावर आम्ही फुंकर घालतो ते बघून चहाला ती "हुब्बा" म्हणायची. मोरीपर्यंत जाताना बापाचं वॉकर फरशीवर वाजायचं, ते "खडाम". केळं म्हणजे "पिप्पू", का ते देव जाणे. आणि दुपारच्या उन्हात अंगणात तिच्यामागून चालणारी सावली म्हणजे "मागूमागू".

एका सकाळी विहीणबाई चहाचं पातेलं घेऊन त्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि जाहीर केलं, "आजपासून ह्या घरात हुब्बा मिळेल. चहा मिळनार नाय. ज्याला हवा त्यानं रेवाच्या भासेत मागायचा." मला वाटलं, गंमत आहे, तासाभरात विसरतील. कसचं काय! दूधवाल्यापासून पट्टी बदलायला येणाऱ्या नर्सपर्यंत सगळ्यांना कायदा लागू झाला. हेमंतच्या उशाशी कप ठेवणं त्यांनी बंद केलं. कप हातात धरून दारात बसायच्या, रेवा मांडीवर. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आतून आवाज आला, "दे गं आय, हुब्बा." अपघातानंतर त्याने आपणहून मागितलेली ती पहिली वस्तू. रेवा टाळ्या पिटत आत धावली. मी ओट्याशी उभी होते, पोळपाटावर पोळी तशीच राहिली. मला आनंद झालाच, माझ्या लेकीचा संसार होता तो. पण त्या आनंदात एक बारीक कुसळ होतं. लहान मुलांना बोलतं करण्यात मी आयुष्य घालवलं, आणि मोठ्या माणसाला बोलतं केलं ते या बाईंनी.

मी हुब्बा म्हणायला साफ नकार दिला. मुलांशी शुद्ध बोलावं, बोबडं बोलून त्यांची जीभ बिघडवू नये, असं मी पालकांना सांगत आले होते. मी म्हणायचे, "विहीणबाई, मला अर्धा कप चहा द्या." विहीणबाई छताकडे बघायच्या, हेमंत खोलीतून ओरडायचा, "आई, इथे कुणाला ऐकू येत नाही हो!" आणि रेवा माझ्याकडे अशी बघायची, की या बिचारीला अजून काहीच कसं येत नाही! बरेच दिवस मी त्या घरात कोकम सरबतावर काढले. दुपारी रेवाला घेऊन मी चित्रांची कार्डं दाखवायचे. "हे काय? चहा. म्हण, चहा." ती एकदा स्पष्ट, अगदी स्वच्छ "चहा" म्हणायची, मला बरं वाटावं म्हणून, आणि उडी मारून पळायची. मग मागच्या दारातून तिच्या आणि विहीणबाईंच्या बोलण्याचा आवाज यायचा. पिप्पू, खडाम, मागूमागू... दोघी खिदळायच्या. मी कार्डं गोळा करत आतून एकेक शब्द ऐकायचे. कान बंद करता येत नाहीत ना.

विहीणबाईंना ती "मोठीआय" म्हणायची. मोठीआय! म्हणजे मी कोण, धाकटी? मला आपलं सरळ "आजी". तेही मीच घोकून घेतलेलं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? आणि नुसती नातच असती तर मी सोसलं असतं. एकदा संध्याकाळी स्नेहल कामावरून आली ती इतकी दमली होती की चप्पल काढायचंही त्राण नव्हतं. मी तिच्यासाठी उपमा करून ठेवला होता, दारात वाट बघत उभी होते. ती माझ्या शेजारून आत गेली, थेट सासूच्या शेजारी पायरीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "मोठीआय, हुब्बा." रेवाच्याच सुरात. मग तिने सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि दोघी हसत सुटल्या, स्नेहल तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माझी लेक कितीतरी दिवसांनी हसत होती. उपम्यावर झाकण ठेवून मी आत गेले. त्या क्षणी मला विहीणबाईंचा जितका राग आला तितका कधी कुणाचाच आला नाही.

त्यांना हे कळत होतं का? कळत असणार. थंडीत त्या सुकेळी करायच्या. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात मांडायची, संध्याकाळी गोळा करून सुक्या पानांत गुंडाळायची, सकाळी पुन्हा मांडायची. मी मदतीला बसले होते. हेमंत तोवर वॉकर घेऊन अंगणात फेऱ्या मारू लागला होता आणि रेवा पुढे राहून त्याला "खडाम, खडाम" असा ताल देत होती. विहीणबाई तिच्याकडे बघत म्हणाल्या, "बाई, मला तुमचा लय हेवा वाटतो." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "माजा कसला?" त्यांच्याच बोलीत माझ्या तोंडून निघून गेलं. त्या केळं सोलत म्हणाल्या, "तुमी शिकवलेलं तिला जलमभर पुरंल. माजं हे उद्या शाळेत गेली की पुसलं जानार. तिला आठवनार पन नाय की म्हातारीसंगं काय बोलायची. म्हनून मी घाई करते." मी काहीतरी समजुतीचं बोलले. खरं सांगायचं तर मला ते बोलणं मानभावी वाटलं. जिंकलेल्या माणसाने हरलेल्याची पाठ थोपटावी, तसं. आम्ही दोघी मग केळी मांडत राहिलो.

हेमंत हळूहळू चालायला लागला, त्याला दुसरीकडे काम मिळालं, मी विरारला परतले. विहीणबाई गेल्या त्या दिवशी वाडीवर पोचले तर अंगणात माणूस मावत नव्हतं. रेवा शेजारणीच्या कडेवर होती. मला बघून तिने हात पुढे केले आणि विचारलं, "आजी, मोठीआय झोपली आहे का?" एवढं पूर्ण, सरळ वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. एकही शब्द बनवलेला नव्हता. मी तिला कडेवर घेतलं आणि घट्ट धरलं.

आता आठवड्यातले पाच दिवस ती माझ्याकडे असते, आमच्या सोसायटीसमोरच्या बालवाडीत जाते. माझ्या मनासारखं सगळं झालंय. चढाओढीला दुसरी बाजूच उरली नाही. मध्यंतरी एका दुपारी गॅलरीत ऊन आलं होतं, आमच्या दोघींच्या सावल्या भिंतीवर पडल्या होत्या. आजूबाजूला कुणी नव्हतं, मी पहिल्यांदाच धीर करून म्हटलं, "रेवा, मागूमागू बघ." तिने माझ्याकडे बघितलं. "आजी, सावली म्हणायचं. मागूमागू कोण म्हणतं?" मी म्हटलं, "तूच म्हणायचीस." तिचा विश्वास बसेना. हुब्बा विचारला, खडाम विचारलं. तिला काहीच आठवत नव्हतं. विहीणबाईंनी सांगितलं होतं तसं, आणि त्यांना वाटलं होतं त्याहूनही लवकर. हेमंत आणि स्नेहलही आता चहाच मागतात, ते शब्द काढले की दोघांचे डोळे भरतात. म्हणजे ती सगळी भाषा आता अखंड उरली आहे ती फक्त माझ्याकडे. मत्सराने कान टवकारून ऐकली होती ना, म्हणून एक शब्द सुटलेला नाही.

तेव्हापासून रोज दुपारी जेवण झालं की रेवा माझ्या शेजारी आडवी होते आणि म्हणते, "लहान असतानाची गोष्ट सांग." मी सांगते. तू असं म्हणायचीस, तू तसं म्हणायचीस. ती लगेच विचारते, "मग मोठीआय काय म्हणाली?" विहीणबाईंशिवाय त्या गोष्टी पुढेच सरकत नाहीत, काय करू? मग मी त्यांच्यासारखा आवाज काढते, हनुवटी त्यांच्यासारखी वर करते, "ह्या घरात चहा मिळनार नाय" म्हणते, आणि रेवा पोट धरधरून हसते. काल मी मध्येच माझीही एक गोष्ट घुसवायला गेले. मी कार्डं कशी दाखवायचे, ती चहा कसं स्वच्छ म्हणायची, ते. तिने थोडं ऐकून घेतलं आणि माझ्या तोंडावर हात ठेवला.

"आजी, तू नको ना बोलू," ती म्हणाली. "मोठीआयला बोलू दे."