आधी घर, मग चहा

आमच्या लॅबमध्ये स्लाइडचे डबे साचतात, तसे बिसेन मॅडमचे किस्सेही साचतात. डबे निदान मधूनमधून आवरले जातात, किस्से कोण आवरणार! सध्या मॅडम ऑपरेशनसाठी नागपूरला आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाठी तपासल्या आणि आता त्यांच्याच गळ्यात गाठ निघाली. इथे गोंदियात त्यांची खुर्ची रिकामी आहे. मी त्यांच्या हाताखालची डॉक्टर, आणि रहांगडाले भाऊ आमचे टेक्निशियन. दोघंही खूप धास्तावलोय. धास्ती वाटली की आम्ही मॅडमचे किस्से काढतो.

*

माझा पहिला दिवस. पहिल्याच रिपोर्टवर मी ऐटीत नुसतं 'इन्फ्लमेशन' लिहिलं, म्हणजे सूज. मॅडमनी कागद परत केला. सूज कुठली, कशामुळे आली, नवी की जुनाट, काहीच पत्ता नाही! मी म्हटलं, बाकीचं सर्जनना कळेलच की. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"उद्या तुला स्थळ आलं आणि मुलाबद्दल एवढंच सांगितलं की 'माणूस आहे', तर करशील लग्न?"

तेव्हापासून मी आजाराचं गाव, घराणं, वय, सगळं लिहिते. लग्न मात्र अजून व्हायचंय.

*

मॅडमनी सगळे आजार घरांमध्ये वाटून टाकलेत. जन्मापासूनचे, जंतूंचे, माराचे, झिजेचे, गाठीचे. पुस्तकात याहून जास्त घरं आहेत, पण चहाच्या वेळेला एवढी पुरतात, असं त्यांचं म्हणणं. चहाच्या वेळेला अशासाठी, की आमच्याकडे नियमच आहे. चहाला बसून कुणी दुखणं काढलं, की आधी त्याचं घर सांगायचं, मगच कप मिळणार!

भाऊ एकदा कंबर धरून आले. "माही कंबर दुखून राहिली मॅडम. झिजेची असंल." मॅडमनी फक्त विचारलं, की काल लॅबचा फ्रीज कुणी उचलला होता? भाऊंनी निमूटपणे घर बदललं, माराचं केलं आणि कप घेतला.

पण भाऊही काही कमी नाहीत. पुढे एकदा स्कूटर बंद पडली म्हणून उशिरा आले, तर मॅडमनी स्कूटरच्या दुखण्याचंही घर विचारलं. जन्मापासूनचं की झिजेचं?

भाऊ गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सेकंडहँड घेतली ना मॅडम. हिस्ट्री उपलब्ध नाही."

हे आमचंच रिपोर्टवरचं नेहमीचं वाक्य. मॅडम इतक्या हसल्या की त्यांचाच चहा सांडला.

*

कोहमाऱ्याचा एक ढाबेवाला पाठीवरची गाठ तपासायला आला होता. रिपोर्टवर 'लायपोमा' वाचलं आणि गडी बाकड्यावर मटकन बसला. मोबाइलवर त्याने वाचलं होतं, की शेवटी 'ओमा' आलं म्हणजे गाठ, आणि गाठ म्हणजे खेळ खलास. ढाबा कुणाच्या नावे करायचा, इथपर्यंत त्याचा विचार पोचला होता.

मॅडम आतून उठून बाहेर आल्या, त्याच्या शेजारी बसल्या आणि धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत, समजावू लागल्या. पाणी बांधीत साचलं तर साचू दे, जोवर ते बांधीत आहे तोवर कुणाचं काही बिघडत नाही. बांध फोडून दुसऱ्याच्या शेतात घुसलं, की ती वाईट गाठ. तुझी साधी चरबीची आहे, बांधीतच बसली आहे.

ढाबेवाल्याच्या जिवात जीव आला. आला तो एवढा आला की त्याने उलट विचारलं, "मंग काढू काऊन?"

"शर्ट नीट बसत नसेल तर काढ," मॅडम म्हणाल्या.

*

नागऱ्याच्या एका आजीचा रिपोर्ट वाईट आला. मुलं आधीच आत येऊन हात जोडून गेली होती, आईला काही सांगू नका म्हणून. मॅडम सहसा आवाज चढवत नाहीत, त्या दिवशीही नाही चढवला. आजार ज्याचा, नाव आधी त्याला, एवढं बोलून त्या आजींसमोर जाऊन बसल्या.

"आजी, आजाराचं नाव सांगू का?"

आजींनी पदर सारखा केला. "सांग ना बाई. घरात कोन येऊन बसला, हे घरवालीलेच मालूम नसावं काय?"

मुलं खाली मान घालून उभी होती. मॅडमनी पूर्ण नाव सांगितलं, पुढे काय काय करायचं तेही सांगितलं. आजी उठताना मॅडमच्याच डोक्यावर हात ठेवून गेल्या.

*

मॅडमच्या गळ्यावरची गाठ आधी भाऊंना दिसली. सुई घालून तपासायची तर मॅडमनी मलाच सांगितलं. मी म्हटलं, माझ्याच्याने होणार नाही, दुसरीकडे पाठवू या. तोवर त्या पेशंटच्या खुर्चीत मान मागे टाकून बसल्यासुद्धा होत्या. मी सुई घातली, मग त्या बाहेर बाकड्यावर जाऊन थांबल्या, इतर सगळे थांबतात तिथे.

मी स्लाइड पाहिली. पुन्हा पुन्हा पाहिली. कितीही वेळा पाहिली तरी दिसायचं तेच दिसत होतं.

बाहेर आले तेव्हा चहाची वेळ झाली होती. भाऊ ट्रे घेऊन उभे होते.

"मॅडम, नाव सांगू का?"

"पूर्ण सांग."

मी सांगितलं. थायरॉइडची, उजव्या बाजूची, पॅपिलरी. शेवटचं 'कार्सिनोमा', म्हणजे कॅन्सर, मी इतक्या हळू म्हटलं, की मॅडमनी ते परत म्हणायला लावलं. मी परत म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि भाऊंकडे वळल्या.

"रहांगडाले, घर कोणतं?"

भाऊंनी ट्रे सावरला.

"गाठीचं, मॅडम."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "आण मग चहा."